आजी हसली, ती कोणत्या अक्षरात?

चि. चिऊस,

बँकॉकहून बाबांचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू गावाहून विचारलंस, "बाबा, मराठी माणसं मेसेजमध्ये हसतात कशी? मी ग्रुपवर ५५५ लिहिलं तर काका घाबरला. आणि आजी हाहाहा कधीच लिहीत नाही, 'मी खूप हसली' असं लिहिते. शनिवारच्या मराठीच्या वर्गात तर 'मी हसले' शिकवलंय. आजीचं चुकतं का?" फोनवर दोन वाक्यांत सांगून टाकावं असा हा प्रश्न नाही, म्हणून लिहायला बसलो. आजीलाही वाचून दाखव.

आधी काकाचं. तो रोज सकाळी घरच्या ग्रुपवर बऱ्हाणपूरचा केळीचा भाव टाकतो, क्विंटलमागे किती ते. परवा त्याने भाव टाकला आणि त्याच्याच खाली आत्याच्या बकरीने वाळत घातलेल्या कुरडया फस्त केल्याची हकिकत लिहिली. तू हसलीस बकरीला, पण त्याला दिसला नुसता आकडा. घड काढणीला आलेत, ऊन रणरणतंय, एखादं वादळ आलं की उभी बाग आडवी होते, आणि त्यात क्विंटलला ५५५ म्हणजे घातलेला खर्चही निघायचा नाही. त्याने लगेच मला फोन लावला, "पोरीला कोणी सांगितलं एवढा भाव पडला म्हणून?" मी समजावलं त्याला. पण घडीभर तो खरंच हादरला होता, तेव्हा आज त्याच्याबरोबर बागेत चक्कर मार आणि ५५५ म्हणजे काय ते तूच नीट सांग.

त्याला सांग, थाई भाषेत ५ या आकड्याचा उच्चार 'हा' होतो. म्हणून तीन पाच ओळीने लिहिले की हाहाहा. तुझ्या इथल्या वर्गातली मुलं जितके जास्त पाच लिहितात तितकं हसू मोठं. आपल्या कानाला पाच म्हणजे पाचच, त्यातून हसू ऐकू येणार कसं? आणि चिनी भाषेत ५ चा उच्चार 'वू'च्या जवळचा, त्यामुळे तिकडची मुलं ५५५ लिहितात ते रडण्यासाठी, हुंदक्यांचा आवाज म्हणून. बँकॉकमध्ये हसणारा आकडा बीजिंगमध्ये रडतो.

अशा आणखी खूप गमती आहेत. स्पॅनिश माणसाचं हसू इंग्रजी वाचणाऱ्याला 'जाजाजा' दिसतं, पण त्यांच्या त्या अक्षराचा उच्चार घशातून येणाऱ्या ह सारखा आहे, म्हणजे ते सरळ हाहाहाच. अरबीत नुसता ह ओळीने लिहितात. स्वर वाचणाऱ्याने आपले आपण भरायचे. कोरियन मुलं त्यांच्या ख ची रांग लावतात, आणि ती मला आपल्या 'खीखी'ची सख्खी बहीण वाटते. मला सगळ्यात आवडतं ते जपानी. हसण्याला त्यांचा शब्द 'वाराई', तो रोमन लिपीत लिहिला की पहिलं अक्षर डब्ल्यू येतं. मुलं तेवढंच ओळीने लिहू लागली. ती ओळ कुणाला तरी उगवलेल्या गवतासारखी दिसली, आणि आता तिथे खूप हसू आलं की सरळ 'गवत' असा शब्दच लिहितात!

जवळजवळ सगळीकडे एकच अक्षर पुन्हा पुन्हा येतं, हे तुझ्या लक्षात आलं असेल. त्याला कारण आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी माणसांच्या हसण्याची ध्वनिमुद्रणं बारकाईने तपासली. हसताना आपण सारख्या अंतराने तोच आवाज काढतो, सेकंदाला साधारण पाच वेळा. 'हाहाहा' होतं, 'होहोहो' होतं, पण 'हाहोहाहो' असं कुणी हसत नाही. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. माणसं बहुतेक वेळा विनोदाला हसतच नाहीत, "चला, येतो" किंवा "तू पण ना" अशा साध्या बोलण्यावर हसतात. आणि एकट्यापेक्षा चारचौघांत कितीतरी जास्त. रात्री घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, अंथरुणं पडली की सगळे उगाच कसे हसत सुटतात, ते तू आता रोज बघतेच आहेस.

आता मराठी. आपल्याकडे ह ला मात्रा बदलली की हसण्याची जातच बदलते, हे नीट समजून घे. 'हाहाहा' मोकळं. 'हीही' म्हणजे दात काढणं, त्यात थोडी खोडी असते. 'हेहे' ओशाळवाणं, काहीतरी चुकल्यावर करतात तसं. 'हॅहॅ' मला अजिबात आवडत नाही, ते मोठ्या माणसापुढे लाळघोटेपणा करणाऱ्याचं. 'होहो' लिहिलंस तर आजी समजेल तू होकार दिलास, आणि 'हूहू' लिहिलंस तर भर वैशाखातही तुझ्यासाठी गोधडी काढेल. एका अक्षराच्या बाराखडीत एवढं सगळं बसतं.

आणि आवाजाशिवाय आपल्याकडे हसण्याचे खास शब्द आहेत. बाळ खुदकन हसतं. काका खदखदून हसतो. तू आणि तुझी आतेबहीण भिंतीआड खिदळता. कुणाच्या फजितीवर हसलं की आजी म्हणते, "फिदीफिदी हसू नको." बघ, त्या शब्दात आवाजही आहे आणि हसणाऱ्याबद्दलचं मतही. म्हणून मला वाटतं, मराठी माणूस हसणं लिहिण्यापेक्षा सांगतो जास्त. माझ्या पिढीतली मुलं इंटरनेटवर मराठी लिहायला लागली तेव्हा त्यांनी 'हहपुवा' काढलं, हसून हसून पुरेवाट. काही जण 'वारलो' लिहायचे. फ्रेंच मुलंही 'हसून मेलो' या त्यांच्या शब्दांची तीन आद्याक्षरंच लिहितात.

सांगण्याची ही सवय फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार दिलेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. स्मितात दात दिसत नाहीत. अतिहसितात डोळ्यांत पाणी येतं आणि माणूस हातांनी कुशी धरतो. ग्रुपवर सगळे पाठवतात ते डोळ्यांत पाणी आलेलं हसरं तोंड तुला माहीत आहे. २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या शब्दकोशवाल्यांनी त्या चित्रालाच वर्षाचा शब्द ठरवलं होतं. आपण त्याला अतिहसित म्हणू शकतो. फक्त आजीला ते पाठवू नकोस. तिला त्यात पाणीच आधी दिसतं, आणि मग ती काळजीने फोन करते, कोण रडतंय म्हणून.

आता आजीचं 'हसली'. नाही चिऊ, तिचं चुकत नाही. आपल्या खानदेशात, रावेर-यावलकडे बाया 'मी गेली', 'मी आली', 'मी हसली' असंच बोलतात. पुस्तकात 'हसले' असतं, ते वर्गात लिही. पण आजीचा मेसेज दुरुस्त करू नकोस. त्या एका 'ली'मध्ये माझं सगळं लहानपण आहे. इथे दिवसभर थाई आणि इंग्रजी ऐकून खोलीवर आलो आणि 'मी खूप हसली' वाचलं, की ती ओट्यावर बसून बोलतेय असं वाटतं.

आणि ती हाहाहा का लिहीत नाही? तिच्याकडे नीट बघ. आजी हसते तेव्हा आवाज येतच नाही. पदर तोंडाला लागतो, डोळे मिटतात, खांदे हलत राहतात, आणि बऱ्याच वेळाने "बस कर रे" एवढं निघतं. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा सुनांनी ओसरीपर्यंत ऐकू जाईल असं हसायचं नव्हतं. चाळीस वर्षं तसं हसून हसून तिचं हसणं तसंच झालं. मग ती लिहिणार काय? 'हाहाहा' लिहिलं तर ते तिचं हसणं नाही. म्हणून बिचारी एका बोटाने एकेक अक्षर शोधून पूर्ण वाक्य लिहिते. जे झालं ते सांगते. मला तिच्या त्या तीन शब्दांपेक्षा खरं हसू ग्रुपवर दुसरं दिसत नाही.

एकदाच मी तिचा आवाज ऐकलाय. मी तुझ्याएवढा असेन. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिच्या माहेरी गेलो होतो. लिंबाला झोका बांधला होता, तिच्या बहिणींनी तिला बळेच बसवलं आणि जोरात ढकललं, आणि वर गेल्यावर आई मोठ्याने हसली. मी दचकून वर बघितलं होतं. तो आवाज हा होता की खी, की आणखी काही, आज कितीही आठवलं तरी धरता येत नाही.

येत्या आखाजीला काका अंगणातल्या लिंबाला झोका बांधणार आहे. आजी नको म्हणेल, गुडघ्याचं कारण सांगेल. हळूच बसव तिला. दोर काकाला धरू दे, फार उंच नको. आणि ती हसली तर कोणत्या अक्षरात हसली, ते मला लिहून कळव.

तुझा,
बाबा

ता. क. काका केळीचा भाव टाकतो त्या मेसेजखाली आकडे नको लिहूस. बकरीसाठी 'हाहाहा' चालेल.