दादाला सरळ विचारू का?

प्रश्न : ताई, माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यात, मी लग्नानंतर पुण्यात असते. मोठा भाऊ शेती बघतो, कापूस आणि सोयाबीन. दोन वर्षं हाती काही लागलं नाही, बँकेचं कर्ज आहे, सावकाराचंही आहे. दिवाळीपासून तो गप्पच झालाय. मागच्या आठवड्यात वहिनीला बसवून पासबुक, पॉलिसीचे कागद, कोणाचं किती देणं ते सगळं समजावलं आणि मला फोनवर म्हणाला, "आता तुम्हीच बघा, माझं काही खरं नाही." कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातलीय. सरळ विचारलं तर नसलेलं त्याच्या डोक्यात भरवेन का?

उत्तर : अशा पत्राला अंक छापून यायची वाट बघत नाही, तुझ्याशी फोनवर बोलणं झालंच आहे. पण याच काळजीत असलेल्या बाकीच्यांसाठी तेच इथे लिहिते.

विचार गं. आजच विचार. "दादा, जीव द्यावा असं मनात येतं का?" इतकं सरळ. विचारल्याने हा विचार डोक्यात येत नाही, उलट आत कोंडलेलं माणूस बोलायला लागतं, आणि तो हो म्हणाला तर घाबरून "असं बोलू नये, पोरांकडे बघ" असं म्हणू नकोस, कारण पोरांना आपलं ओझं झालंय हेच त्याला वाटत असतं. ऐकून घे, मध्ये गप्प बसला तरी फोन ठेवू नकोस. मग हेही विचार की कसं, कधी असं काही ठरवलंय का. ठरवलं असेल तर त्याला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, वहिनीला आणि जवळच्या एखाद्या माणसाला लगेच त्याच्यापाशी बसवायचं, आणि १०८ किंवा ११२ ला फोन करायचा.

शपथ मोडायची. तो चिडेल, चिडू दे.

वहिनीला सांग, फवारणीचं औषध घरात, गोठ्यात कुठेच नको, शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा, घरातल्या गोळ्याही. "ज्याला करायचंय तो करतोच" असं गावात म्हणतात, ते खरं नाही. श्रीलंकेत १९९५ पासून जहाल कीटकनाशकांवर बंदी येत गेली आणि पुढच्या दहा वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. ती टोकाची वेळ बऱ्याचदा थोडीच असते, तेवढ्यात हाताशी काही नसलं की माणूस वाचतो.

डॉक्टरांकडे न्यायचंच. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, सोबत कोणीतरी जा, एकट्याला चिठ्ठी देऊन पाठवू नका. गोळ्या सुरू झाल्या तर फरक पडायला काही आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून बंद करू देऊ नका. आणि एवढा गप्प माणूस अचानक एकदम शांत, हलका वाटायला लागला तर लगेच निर्धास्त होऊ नका, पुन्हा विचारा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतून बोलता येतं, आणि त्यावर तूही फोन करू शकतेस, "भावाशी कसं बोलू" एवढंच विचारायला सुद्धा. गावातल्या आशाताईंनाही विश्वासात घ्या, खचलेल्या शेतकऱ्यांना मानसिक आधार देणारा सरकारचा प्रेरणा प्रकल्प त्यांना माहीत असतो.

पोलिस केस होईल म्हणून लोक दवाखान्यात न्यायला घाबरतात, त्यात वेळ जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी.

कर्जाचं नंतर. बँकेत पुनर्गठनाचं, म्हणजे कर्जाचे हप्ते नव्याने बांधून घेण्याचं, विचारायला तू किंवा तुझा नवरा त्याच्यासोबत जा, सावकाराकडे परवाना आहे का तेही सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या ऑफिसात बघा, विनापरवाना सावकारी महाराष्ट्रात गुन्हा आहे. पण आधी फोन. आणि जमलं तर या शनिवारची गाडी पकड, चार दिवस राहा तिकडे.