स्क्रोल सॉवर पहिली जाळी कापण्यापूर्वी

गणपतीचे मखर स्वतः कापायचे, या हौसेने तुम्ही स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पात्याने नक्षी कापणारी यंत्रकरवत, घेतलीत याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिराच्या छतावरचे कोरीव कमळ पहिल्याच खेपेला उतरवायला घेऊ नका. आधी ६ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडवर साधे पिंपळपान कापा आणि पाते ५ क्रमांकाचे लावा, कारण त्याहून बारीक पाते नवख्या हातात चटकन तुटते.

खरी मेख पात्याच्या ताणात आहे. यंत्र बंद असताना पाते बोटाने छेडून पाहा: तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ नाद उमटला तर ताण बरोबर आहे, बद्द आवाज आला तर वळणावर पाते मध्ये बाक घेते आणि कड तिरकी निघते. शिवाय बहुतेक पात्यांच्या एका अंगाला घडणीतला बारीक खरखरीतपणा राहिलेला असतो, त्यामुळे लाकूड सरळ सारूनही काप रेघ सोडतो. म्हणून लाकूड किंचित तिरके धरूनच पुढे न्यावे. हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि माझ्या पहिल्या दोन चौकटी त्यातच वाया गेल्या.

जाळीत छिद्र पाडून, पाते ओवून आतले भाग आधी कापावेत आणि बाहेरची कड शेवटी, म्हणजे हाताला भक्कम लाकूड उरते. सागाची धूळ घशाला झोंबते, मास्क लावा. खानापूरच्या पावसाळ्यात पातळ प्लाय वाकतो, तेव्हा तो सपाट जागी वजनाखाली ठेवा.