मोडलेला पाय दिसत असताना डॉक्टर आधी छाती का तपासतात?

लोकलमधून पडलेले, रस्त्यावर धडकलेले, बांधकामाच्या परांचीवरून कोसळलेले असे रुग्ण मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत रोज येतात. त्यांच्या नातेवाइकांनी आणि इतर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ लोकलमधून पडला. मांडीचं हाड मोडलेलं सरळ दिसत होतं, तो ओरडत होता. तरी पाच-सहा डॉक्टर त्याचा गळा, छाती, पोट तपासत राहिले. पायाला नुसतं ताणून बांधलं. रात्री ऑपरेशन झालं ते पोटाचं. तेव्हा पायाला फक्त बाहेरून सळ्या लावल्या, आत रॉड घातला तो पाच दिवसांनी. इतका उशीर का? आणि एवढ्या गर्दीत आमचे डॉक्टर कोण समजायचे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भावाचं ओरडणं ऐकून तुमचा जीव तुटला असणार. पण टीमला त्यातून पहिली चांगली गोष्ट कळते : श्वासमार्ग मोकळा आहे आणि मेंदूला प्राणवायू पोचतो आहे. तपासणीचा क्रम जीव सर्वांत लवकर कशाने जाईल यावर ठरलेला असतो. आधी श्वासमार्ग, तोही मान हलू न देता. मग श्वास, मग रक्तस्राव आणि नाडी, मग शुद्ध, आणि शेवटी सगळे कपडे कापून पाठीसकट पूर्ण अंग. छातीत हवा कोंडून फुप्फुस दबलं असेल तर रुग्ण काही मिनिटांत जाऊ शकतो. मोडलेलं हाड तेवढं थांबू शकतं. मात्र एका मांडीत, बाहेर थेंबही न दिसता, एक ते दीड लिटर रक्त साठू शकतं. ताण देऊन पाय बांधला तो वेदना आणि हा रक्तस्राव कमी व्हावा म्हणून.

ही कामं एकाच वेळी चालतात. भूलतज्ज्ञ डोक्याशी उभे राहून श्वासमार्ग सांभाळतात. सिस्टर दोन्ही हातांना जाड सुया लावून त्यातूनच क्रॉसमॅचसाठी, म्हणजे द्यायचं रक्त जुळतं का हे बघण्यासाठी, रक्त काढतात. सर्जन छाती-पोट बघतात, ऑर्थोचे डॉक्टर कटिभाग आणि हातपाय. मामा, म्हणजे वॉर्डबॉय, रक्तपेढीकडे धावतात. आणि एक डॉक्टर पायथ्याशी, शक्यतो हात न लावता, उभा असतो. तो टीमचा प्रमुख. त्याने स्वतःच सुई लावायला घेतली की सगळं चित्र एकत्र पाहणारं कुणी उरत नाही.

रक्त वाहत असताना बाटल्यांमागून बाटल्या सलाईन देऊन भागत नाही. त्याने रक्त पातळ होतं, थंड पडतं आणि गोठायचं थांबतं. म्हणून साधारण एक लिटरनंतर रक्ताचाच आग्रह : लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट जवळपास सारख्या प्रमाणात. फ्रिजमधून आलेलं रक्त कोमट करून द्यावं लागतं आणि सोबत कॅल्शियमकडे लक्ष ठेवावं लागतं. अंगाचं तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेलं की रक्त नीट गोठत नाही, म्हणून कपडे कापल्यावर लगेच पांघरूण हवं. हे पांघरूण राहून जातं, आणि ते राहू नये असं आम्हाला फार वाटतं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्त थांबवणारं औषध १ ग्रॅम १० मिनिटांत आणि पुढचं १ ग्रॅम ८ तासांत देतात, पण सुरुवात अपघातानंतर ३ तासांच्या आत व्हायला हवी. त्यानंतर ते अपाय करू शकतं. ‘अपघात किती वाजता झाला?’ हे तुम्हाला चार जणांनी विचारलं असेल ते यासाठी. अंदाजाने काहीही सांगू नका. माहीत नसेल तर तसंच सांगा.

पोटात रक्तस्राव असताना मांडीत रॉड घालण्याचं लांब ऑपरेशन शरीराला पेलत नाही. म्हणून आधी रक्त थांबवायचं, हाड बाहेरून सळ्यांनी स्थिर करायचं, रुग्ण सावरला की पुढचं. यात उशीर नव्हता. कधी तज्ज्ञांचं एकमेकांशी पटतही नाही : पोटातून रक्त जात असताना सर्जनना रक्तदाब थोडा कमी चालतो, पण डोक्याला मार असेल तर न्यूरोसर्जन तो पडू देत नाहीत. ही चर्चा खाटेपाशी, समोरासमोर व्हायला हवी. केसपेपरवर एकमेकांना रेफरन्स लिहून ती होत नाही.

तुमचे डॉक्टर म्हणजे ज्या युनिटखाली, म्हणजे डॉक्टरांच्या ज्या गटाखाली, भरती झाली ते. युनिट केसपेपरवर लिहिलेलं असतं. त्या युनिटच्या रजिस्ट्रारना (निवासी डॉक्टरांना) रोज एका ठरलेल्या वेळी, घरातल्या एकाच व्यक्तीने भेटावं.

प्रश्न : वडिलांना स्कूटरने उडवलं. आधी पोटाची सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन. थेट सीटीच का नाही?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : ही सोनोग्राफी खाटेवरच दोन-चार मिनिटांत होते आणि पोटात किंवा हृदयाभोवती रक्त साठलंय का एवढंच सांगते. रक्त दिसलं आणि रक्तदाबही पडत असेल तर थेट ऑपरेशन थिएटर. असा रुग्ण सीटीच्या टेबलावर गेला आणि तिथे कोसळला तर हाताशी काहीच नसतं. रक्तदाब टिकून असेल तरच सीटी.

प्रश्न : भरतीनंतर तिसऱ्या दिवशी सांगितलं की आईचं मनगटही मोडलंय. हा हलगर्जीपणा नाही का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : लगेच तसं म्हणता येणार नाही. रुग्ण बेशुद्ध किंवा श्वासाच्या नळीवर असताना मनगट, पाऊल, बोटं यांची दुखापत सुटू शकते. म्हणूनच २४ तासांच्या आत, आणि रुग्ण शुद्धीवर आल्यावर पुन्हा, डोक्यापासून पायापर्यंत नव्याने तपासणी करायची असते. ती झाली का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. आई नीट बोलू लागल्यावर ‘कुठे दुखतंय’ हे तुम्हीही विचारा आणि सिस्टरना सांगा.

वॉर्डात आणखी एक गोष्ट बघा. प्लास्टर घातलेल्या हातापायाचं दुखणं औषधाने न थांबता वाढत गेलं, बोटं हळूच सरळ केल्यावर कळ आली, मुंग्या आल्या, तर रात्रीचे तीन वाजले असले तरी सिस्टरना उठून सांगा. आतला दाब वाढून स्नायू काही तासांत मरतात. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, ती शेवटपर्यंत लागू शकते. फिजिओथेरपिस्ट दुसऱ्याच दिवशी खोल श्वास घ्यायला आणि खोकायला लावतात, त्याला दया म्हणून अडवू नका. बरगड्या मोडलेल्या रुग्णात कफ साठून न्यूमोनिया होतो. खर्चाचं काय, हे डिस्चार्जच्या दिवशी नव्हे, पहिल्या दोन दिवसांत समाजसेवा अधीक्षकांना विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा.

प्रश्न : मशीनमध्ये बोट तुटलं तर बर्फात घालून न्यायचं का?
— एक वाचक, साकीनाका

उत्तर : थेट बर्फात कधीच नाही, पेशी गोठून मरतात. बोट स्वच्छ, सलाईनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, कोरड्या प्लॅस्टिक पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. जखमेवर कापड दाबून धरा, हात वर ठेवा. प्यायला काही देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. निघण्याआधी रुग्णालयात फोन करून प्लास्टिक सर्जन हजर आहेत का विचारा, म्हणजे दोन ठिकाणी फिरण्यात वेळ जाणार नाही.