कोल्हापुरातल्या नर्सिंग परिषदेला जाऊ का? तिथे सत्कार आणि फोटो सोडून काही होतं का?

प्रश्न थोडक्यात असा: "मी कोल्हापुरात एका खासगी हॉस्पिटलमध्ये इन्चार्ज सिस्टर आहे. जिल्ह्यातल्या मेट्रन, इन्चार्ज आणि नर्सिंग कॉलेजच्या ट्यूटर यांची एक दिवसाची परिषद आहे, विषय 'आरोग्यसेवेपुढील आव्हाने'. मेट्रन म्हणतात, तू जा. माझा रविवार जाणार. जाण्यात अर्थ आहे का?"

ताई, आहे. पण चहानंतर.

मी 31 वर्षं नोकरी करून मेट्रन म्हणून निवृत्त झाले. सुरुवातीची काही वर्षं सरकारी, पुढची सगळी खासगीत. अशा दहा-बारा परिषदांना जाऊन आलेय, दोनदा तर आयोजकांतच होते, त्यामुळे हारांची ऑर्डर कुणी द्यायची इथपासूनचं राजकारण ठाऊक आहे. सकाळ कशी जाईल ते आत्ताच सांगते. पाहुणे पाऊण तास उशिरा येतील. मग दीपप्रज्वलन, नाइटिंगेलबाईंच्या आणि शाहू महाराजांच्या फोटोला हार, शाल-श्रीफळ. एक तरी वक्ता "परिचारिका म्हणजे देवदूत" म्हणणारच. या शब्दाची मला ॲलर्जी आहे. देवदूतांचा पीएफ कुणी कापत नाही. तेवढा वेळ मागच्या रांगेत बसा आणि शेजारणीशी ओळख करून घ्या. ती चंदगडहून पहाटेच्या एसटीनं आलेली असली तर चहाला तिच्याबरोबरच जा.

जाताना एक कागद न्या: गेल्या महिन्याच्या ड्युटी रोस्टरची झेरॉक्स, हॉस्पिटलचं आणि मुलींची नावं झाकून. का, ते सांगते.

मंचावरून कुणीतरी "एकास तीन, एकास पाच" म्हणेल आणि टाळ्या पडतील. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे तो: मेडिकल कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात 3 कॉटमागे 1 सिस्टर, साध्या रुग्णालयात 5 कॉटमागे 1, आणि रजांसाठी वर 30 टक्के. टाळ्या वाजवणाऱ्या निम्म्या जणींना वाटतं, म्हणजे कुठल्याही वेळी वॉर्डात गेलं तर तीन पेशंटला एक सिस्टर उभी दिसली पाहिजे. तसं नाही. ते हजेरीपटावरचं एकूण संख्याबळ आहे. एकास तीन म्हणजे दर पाळीला साधारण 9 कॉटमागे 1. हा घोळ घेऊन आपण व्यवस्थापनापुढे गेलो की पहिल्या दोन मिनिटांत ते आपल्याला गप्प करतात.

खरा हिशेब मला नोकरीच्या अठराव्या वर्षी कळला, तोही जेवणाच्या रांगेत. इचलकरंजीच्या एका इन्चार्ज सिस्टरनं एका हातात ताट धरून निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर करून दाखवला. वॉर्डातली एक जागा सातही दिवस, चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याचे 168 तास झाले. एक सिस्टर आठवड्याला 48 तास देते. भागाकार साडेतीन. आता ती आजारी पडणार, बाळंतपणाला जाणार, गौरी-गणपतीला रजा मागणार. ते 30 टक्के धरले की झाले साडेचार. म्हणजे रात्री तीन वाजता वॉर्डात एक सिस्टर दिसायला हवी असेल तर पगारपत्रकावर साडेचार नावं लागतात. 30 कॉटच्या वॉर्डात पाळीला तिघी ठेवायच्या तर साडेतेरा. आणि एकास तीनच्या निकषानं येतात 10 अधिक 3, म्हणजे 13. हिशेब जवळजवळ जुळतो, कारण निकष बसवणाऱ्यांनी तोच केलेला असणार.

तोवर मी वरच्या साहेबांकडे "सर, मुली लई दमत्यात हो" एवढंच घेऊन जायचे. ते चहा पाजून परत पाठवायचे. पुढच्या वेळी रोस्टर नेला. लाल पेनानं डबल ड्युटीचे दिवस गोल केलेले, खाली साडेचाराचा भागाकार. सगळ्या जागा मिळाल्या नाहीत, 3 मिळाल्या. पण साहेबांनी चहा न मागवता कागद मात्र पुन्हा एकदा वाचला.

आणखी एक गोष्ट अशा ठिकाणीच होते. आपल्या हॉस्पिटलात जे बोलता येत नाही ते परक्या मेट्रनपाशी बोलता येतं. मी एका ठिकाणी होते (नाव सांगत नाही), तिथं रात्री दोघींवर 46 पेशंट होते, खाली गाद्या घातलेले धरून. नवी मुलगी अँटिबायोटिक विरघळवायला डिस्टिल्ड वॉटर घेत होती. ट्रेमध्ये शेजारीच केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. दोन्ही दहा मिलीची, दोन्ही आत पाण्यासारखी. तिनं ॲम्प्युल फोडलं, सिरिंजमध्ये ओढलं, आणि मी दुसऱ्या पेशंटचं सलाईन बदलून येताना माझी नजर लेबलवर गेली. पोटॅशियम पातळ न करता थेट शिरेतून गेलं तर हृदय थांबतं, हे तुम्हाला सांगायला नको. ती मुलगी तिथंच खाली बसली. आम्ही ते कुठंही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मेमो तिला मिळाला असता, 46 पेशंटवर दोघी ठेवणाऱ्याला नाही.

चार वर्षांनी एका परिषदेच्या गटचर्चेत मी ते पहिल्यांदा बोलले. सोळा जणींचा गट होता. क्षणभर कुणी काही बोललं नाही, मग एकेक करत पाच जणींनी तोच किस्सा सांगितला, फक्त वॉर्ड वेगळे. त्या दुपारी ठरलं ते साधंच: वॉर्डाच्या ट्रेमध्ये केसीएल ठेवायचं नाही, वेगळ्या कप्प्यात, कुलपात, आणि काढताना दुसरीला दाखवूनच भरायचं. हे पुस्तकात आहेच. पण पुस्तकातलं वॉर्डात यायला सहाव्या बाईनं "माझ्याकडंबी झालंय" म्हणावं लागतं.

कोल्हापूरचं म्हणून एक आव्हान आहे, ते दिल्ली-मुंबईच्या पाहुण्यांच्या स्लाइडवर नसतं. महापूर. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी 55 फुटांवर गेली, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. ज्या सिस्टर ड्युटीवर होत्या त्या अडकल्या, ज्या घरी होत्या त्या घरीच. आमच्याकडे सात जणींनी चार दिवस सलग काढले. दोघींची घरं तिकडं पाण्यात होती आणि त्या इकडं पेशंटचं बीपी घेत होत्या. 2020 च्या फेब्रुवारीत, कोरोनाच्या तोंडावर, एका बैठकीत शिरोळ भागातल्या एका मेट्रनबाईंनी त्यांची युक्ती सांगितली. भिंतीवर यादी: कोणती सिस्टर नदीच्या कुठल्या अंगाला राहते, कोणत्या रस्त्यानं येते, तो रस्ता आधी जातो की नंतर. धोका पातळी 43 फूट, पण त्या 43 ची वाट बघत नाहीत. इशारा पातळी 39 फूट. तिथं काटा आला की पलीकडच्या मुली घरी पाठवायच्या, अलीकडच्या बोलवायच्या, आणि डायलिसिसच्या पेशंटना फोन सुरू करायचे. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला तेव्हा आमच्या भिंतीवरही ती यादी होती. पाणी आलं ते आलंच, पण त्या वेळी चार दिवस सलग कुणाला काढावे लागले नाहीत.

बाकी विषय पटापट सांगते. मारहाणीवर भाषणं होतील. पेशंट एक आणि मागनं अख्खी तालीम, हे आपल्याला नवीन नाही. महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे: 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. परिषदेत एवढंच विचारा, की ज्यांनी तक्रार नोंदवली त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात हॉस्पिटलतर्फे कोण गेलं होतं. उत्तर ऐकून घ्या.

पगारावर मात्र सभागृह गप्प होतं, कारण पहिल्या रांगेत संचालक बसलेले असतात. तुम्ही खासगीत आहात म्हणून सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या 29 जानेवारी 2016 च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीनं शिफारस केली: 200 पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी सिस्टरइतका पगार, 100 च्या वर असेल तर त्याहून फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 मध्ये फार तर 25 टक्के कमी, आणि 50 च्या आत असलं तरी 20 हजारांच्या खाली नाही. शिफारसच आहे ती, अंमल राज्यांवर सोडलेला. पण आपल्या किती मुलींना 20 हजार हा आकडा माहीत आहे ते विचारून बघा. मग त्या दोन वर्षांचा अनुभव घेऊन आखातात का जातात किंवा संध्याकाळी जर्मनच्या क्लासला का बसतात, यावर वेगळं सत्र ठेवावं लागणार नाही.

माझी तक्रार एकच आहे. 'नेतृत्व' म्हणून बोलावलेल्यांत एएनएम, म्हणजे गावाकडच्या उपकेंद्रावरच्या नर्सबाई, जवळजवळ नसतात. उपकेंद्रावर एकटी बसून तीन-चार गावं सांभाळणारी बाई नेतृत्व करत नाही, असं आयोजकांना कसं वाटतं, कोण जाणे. आम्ही आयोजक असतानाही हीच चूक केली. दुसऱ्या खेपेला चौघींना बोलावलं, त्यातल्या एकीनं लसीच्या शीतसाखळीवर दहा मिनिटं सांगितलं: लाईट गेल्यावर डबा कितीदाच्या वर उघडायचा नाही, आइसपॅक कुठं मांडायचे. दिवसभरातलं सगळ्यांत कामाचं बोलणं तेच झालं. तिला शाल द्यायची राहिली, ती गोष्ट वेगळी.

जेवण चांगलं असतं, पण पांढरा रस्सा पोटभर घेतला तर दुपारच्या गटचर्चेत झोप येते आणि खरं काम तिथंच आहे. दुपारनंतर बस पकडायला पळू नका.

आणि रजेचा अर्ज 'सुट्टी' म्हणून देऊ नका. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी क्रेडिट अवर्स लागतात, हे तुमच्या एचआरला माहीत असतं, म्हणून 'ऑन ड्युटी' मागा आणि रविवारचा बदली ऑफ लिहून घ्या. परिषदेला क्रेडिट आहेत का, किती, ते आयोजकांना आधीच विचारा. प्रमाणपत्रावर तुमचा नोंदणी क्रमांक बरोबर पडलाय का ते तिथल्या तिथं टेबलापाशीच तपासा. माझ्या एका प्रमाणपत्रावर दुसऱ्याच बाईचा नंबर होता आणि तो दुरुस्त करून घ्यायला मला तीन हेलपाटे पडले.