‘निरर्थक’ नव्हे, ‘बिनसंकेती’

प्रश्न : जैविक घड्याळावरच्या (म्हणजे सजीवांच्या शरीरातल्या साधारण दिवसभराच्या लयीवरच्या) एका मराठी लेखात ‘नॉन-कोडिंग आरएनए’ला ‘निरर्थक आरएनए’ म्हटलं होतं. हे चालेल का?

नाही चालणार. जनुकातल्या ज्या बदलामुळे प्रथिनाची साखळी अर्ध्यातच थांबते, त्याला ‘नॉनसेन्स म्युटेशन’ म्हणतात. ‘निरर्थक’ वापरायचाच तर तिथे वापरावा. आरएनए म्हणजे डीएनएवरून उतरवलेली प्रत. नॉन-कोडिंग आरएनएजवळ प्रथिन कसं जुळवायचं याचा संकेत नसतो, इतकंच. काम भरपूर असतं.

पावावर वाढणारी नारिंगी बुरशी घ्या, न्यूरोस्पोरा. तिचं घड्याळ साधारण 22 तासांचं. ते चालवणाऱ्या जनुकाचं नाव ‘फ्रिक्वेन्सी’, थोडक्यात एफआरक्यू. डीएनएच्या त्याच जागी, पण समोरच्या धाग्यावरून उलट्या दिशेने, आणखी एक आरएनए उतरवला जातो. त्यातून घड्याळाचं प्रथिन बनत नाही. मात्र एफआरक्यूच्या आरएनएचं प्रमाण चढलं की या दुसऱ्याचं घटतं, आणि उलटही. उजेड पडला की हा दुसरा वाढतो, आणि उजेडानुसार घड्याळ लावून घेण्यात त्याचा हात असतो. त्याचं बारसं कसं केलं असेल? क्यूआरएफ! अक्षरंच उलटी फिरवली. (कोट्या करण्याचा मक्ता काही भाषावाल्यांकडेच नाही.) उंदराच्या मेंदूतल्या मुख्य घड्याळातही असे इवले आरएनए आहेत, त्यांतल्या एमआयआर-219 नावाच्या एकाचं काम रोखलं, तर दिवसाची फेरी लांबते. याला निरर्थक कोण म्हणेल?

मग पर्याय काय? ‘असांकेतिक’ व्याकरणात बसतो, पण कानाला वेगळंच सांगतो. आपल्याकडे सामाजिक संकेत असतात, साहित्यातले संकेत असतात. त्यामुळे ‘असांकेतिक’ म्हटलं की रूढी मोडणारा कुणी डोळ्यांपुढे येतो. संकेत हा शब्दच बहुरूपी. जुन्या काव्यातलं संकेतस्थळ प्रेमिकांच्या गुपचूप भेटीचं, आजचं वेबसाइटचं.

मला ‘बिन’ हा उपसर्ग जवळचा वाटतो. बिनव्याजी कर्ज हे कर्जच असतं. बिनतारी यंत्रणेत तार नसते, तरी संदेश पोचतो. त्याच चालीवर ‘बिनसंकेती आरएनए’ म्हणावं. नवखा वाचक अडखळेल, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘प्रथिन न घडवणारा’ एवढं जोडावं. ‘जैविक घड्याळ’ला मात्र हात लावू नये, तो शब्द छान रुळलाय.