मुलीसाठी लंडनची शाळा: राजारामपुरीतील वहिनींस उत्तर

प्रिय वहिनी,

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. दादांची बदली लंडनमधील कॅनरी वॉर्फच्या कार्यालयात होत आहे, जूनमध्ये आपण सर्वजण इकडे येणार आहात, आणि सध्या पाचवीत असलेल्या आपल्या कन्येसाठी मुलींच्या पाच नावाजलेल्या खासगी शाळांपैकी कोणती निवडावी, असे आपण विचारले आहे. सेंट पॉल्स, नॉर्थ लंडन कॉलेजिएट, गोडॉल्फिन अँड लॅटिमर, साउथ हॅम्पस्टेड आणि नॉटिंग हिल अँड ईलिंग ही आपली यादी निकालांच्या क्रमवारीवरून केलेली दिसते. पाचही शाळा उत्तम आहेत, याविषयी वाद नाही. मात्र कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून येऊन या शहरात नऊ वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, एवढ्या वरच्या शाळांमध्ये पहिली कोणती आणि पाचवी कोणती याला फारसा अर्थ उरत नाही. घरापासून शाळा किती दूर आहे, याला फार अर्थ उरतो.

आधी वेळापत्रक पाहू, कारण आपल्याकडे वेळ कमी आहे. इंग्लंडमध्ये ३१ ऑगस्टपर्यंत ११ वर्षे पूर्ण झालेली मुले सप्टेंबरमध्ये इयर सेव्हनला, म्हणजे माध्यमिक शाळेत, जातात. आपली कन्या नोव्हेंबरमध्ये ११ वर्षांची होत असल्याने येत्या सप्टेंबरमध्ये ती प्राथमिकच्या शेवटच्या वर्गात, इयर सिक्समध्ये, बसेल (आणि वयाने वर्गातील मोठ्या मुलींपैकी असेल, हा तिचा फायदाच आहे), आणि माध्यमिकच्या प्रवेशासाठीची इलेव्हन प्लस परीक्षा तिला त्याच हिवाळ्यात द्यावी लागेल. विमानातून उतरल्यापासून परीक्षेपर्यंत जेमतेम पाच-सहा महिने हाती राहतात. परीक्षेसाठीची नोंदणी साधारणतः नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत बंद होते, काही शाळांची त्याआधीच. म्हणून नोंदणीचे अर्ज कोल्हापुरातूनच भरून टाकावेत. त्यासाठी लंडनचा पत्ता हाती येण्याची वाट पाहू नये.

आपल्या यादीतील गोडॉल्फिन, साउथ हॅम्पस्टेड आणि नॉटिंग हिल अँड ईलिंग या तीन शाळा लंडन इलेव्हन प्लस कन्सोर्शियम या गटात आहेत. या गटातील शाळांसाठी मुलीला एकच सामाईक परीक्षा द्यावी लागते आणि तिचा निकाल सर्व शाळांना मिळतो. मुलाखत मात्र प्रत्येक शाळा स्वतंत्रपणे घेते. ही परीक्षा मुख्यतः तर्कशक्तीची असते. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी आपल्या कन्येने बुद्धिमत्ता चाचणीचा जो सराव केला आहे, तो येथे पुष्कळ उपयोगी पडेल. प्रश्नांची जात तीच आहे, भाषा आणि वेग वेगळा आहे. सेंट पॉल्स आणि नॉर्थ लंडन कॉलेजिएट या गटाबाहेरच्या शाळा असून त्यांची निवडप्रक्रिया स्वतंत्र आहे. स्वतंत्र परीक्षा घेणाऱ्या शाळा इंग्रजी लेखनावर बराच भर देतात, आणि आपल्याकडची हुशार मुले अडतात ती तेथेच. गणितात आमची मुलगी येथल्या मुलींच्या पुढे होती. परंतु ‘दार उघडले आणि...’ एवढ्यावरून दोन पाने लिहायला सांगितली, तेव्हा तिने पाच ओळींत गोष्ट संपवून खाली तात्पर्य लिहिले होते. राजारामपुरीतील क्लासची आणखी एक बॅच लावण्यापेक्षा मे महिन्याच्या सुट्टीत तिला इंग्रजी गोष्टींची पुस्तके मनसोक्त वाचू द्यावीत आणि रोज एक पान मनाने लिहायला सांगावे.

आता अंतराचा विषय. कॅनरी वॉर्फवरून ज्युबिली लाइन ही भुयारी रेल्वे शहराच्या मध्यातून वायव्येस स्टॅनमोरपर्यंत जाते. साउथ हॅम्पस्टेड ही शाळा याच मार्गावरील फिंचली रोड व स्विस कॉटेज या स्थानकांजवळ आहे, आणि नॉर्थ लंडन कॉलेजिएटसाठी त्याच मार्गावर कॅनन्स पार्क स्थानकावर उतरावे लागते. म्हणजे दादांचे कार्यालय आणि आपल्या यादीतील दोन शाळा एकाच दोरीत ओवलेल्या आहेत. त्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, वेम्बली पार्क किंवा किंग्सबरीच्या आसपास घर घेतल्यास दोन्ही शाळा आवाक्यात राहतात, भाजी-किराण्याची भारतीय दुकाने हाताशी असतात, आणि १९३२ पासून चालत आलेले महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला, त्याच मार्गावर, आहे. नॉटिंग हिल अँड ईलिंगच्या नावावर जाऊ नये. ती शाळा ईलिंगला आहे. कॅनरी वॉर्फहून ईलिंग ब्रॉडवेला एलिझाबेथ लाइनने थेट जाता येते, त्यामुळे तो दुसरा सोयीचा पर्याय ठरतो. सेंट पॉल्स आणि गोडॉल्फिन या दोन्ही शाळा हॅमरस्मिथ भागात आहेत. तेथे जवळपास घरभाडे जास्त, आणि किंग्सबरीहून रोज तेथे जाणे म्हणजे मध्ये गाडी बदलून केलेला लांबचा प्रवास.

हे मी एवढ्या विस्ताराने लिहिते आहे, कारण आम्ही नेमके येथेच चुकलो. आमच्या मुलीला दोन शाळांनी जागा देऊ केली होती, आणि आम्ही त्यांतील अधिक नावाजलेली, शहराच्या दुसऱ्या टोकाची शाळा निवडली. कोल्हापुरात रंकाळ्यापासून ताराबाई पार्कापर्यंत कोठेही जायला वीस मिनिटे पुरतात, या हिशेबाने वाढलेल्या आम्हांला एका बाजूचा सव्वा तास कागदावर फार वाटला नाही. प्रत्यक्षात ती साडेसहाला घर सोडत असे आणि शाळेनंतर हॉकीचा सराव असला की सहा वाजून गेल्यावर परतत असे; जेवताना तिचे डोळे मिटत. त्याहून वाईट म्हणजे तिच्या सर्व मैत्रिणी पलीकडच्या टोकाला राहत, त्यामुळे शनिवार-रविवारी ती एकटी पडत असे. वर्षभराने आम्ही घराचा करार मुदतीपूर्वी मोडून, वर दंड भरून, शाळेजवळ राहायला गेलो. शाळा चांगलीच होती. तिच्यासाठी घर आधी आणि शाळा नंतर ठरवली, हा दोष आमचा.

म्हणून माझा सल्ला असा की, पहिले घर कमी मुदतीच्या करारावर घ्यावे, नोंदणी चारच शाळांत करावी, आणि फेब्रुवारीच्या मध्याला शाळांची उत्तरे आल्यावर कायमचे घर ठरवावे. उत्तर देण्यासाठी मार्चच्या सुरुवातीपर्यंतच मुदत असते, आणि होकारासोबत मोठी अनामत भरावी लागते. पुढे शाळा सोडायची झाल्यास बहुतेक ठिकाणी पूर्ण एका सत्राची सूचना द्यावी लागते, न दिल्यास त्या सत्राची फी द्यावी लागते. करारातील हे कलम दादांना अवश्य वाचायला सांगावे. खर्चाबाबत आपण विचारले नाही, तरी सांगते. या शाळांची फी वर्षाला साधारणतः २५ ते ४० हजार पौंडांच्या दरम्यान असते, आणि १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला आहे. गणवेश, सहली, बस आणि संगीताचे तास बहुधा वेगळे असतात. पूर्ण किंवा मोठी सवलत कुटुंबाचे उत्पन्न पाहून मिळते, आणि गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीची रक्कम सहसा लहान असते. दादांच्या पगारात सवलतीची आशा धरू नये. कंपनी फीचा काही भाग देते का, हे बदलीच्या पत्रावर सही करण्यापूर्वी विचारावे, नंतर विचारून उपयोग होत नाही.

सरकारी शाळांचा अर्ज मात्र ३१ ऑक्टोबरपूर्वी स्थानिक कौन्सिलकडे भराच, खासगी शाळेचे कितीही नक्की वाटत असले तरी. त्याचे उत्तर १ मार्चला येते आणि फी काहीच नसते. हेन्रिएटा बार्नेट आणि टिफिन गर्ल्स या मुलींच्या सरकारी ग्रामर शाळा, म्हणजे परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या शाळा, निकालात नावाजलेल्या खासगी शाळांच्या तोडीच्या आहेत, परंतु त्यांची नोंदणी उन्हाळ्यातच बंद होते आणि परीक्षा सप्टेंबरमध्ये असते. आल्याआल्या तेवढी घाई मुलीला झेपेल का, हे आपणच ठरवावे. यंदा न जमल्यास पुढच्या वर्गांत अधूनमधून एखादी जागा रिकामी होते, आणि १६ व्या वर्षी, जीसीएसई या शालान्त परीक्षेनंतर, पुन्हा एकदा मोठ्या प्रमाणावर प्रवेश होतात.

शाळा पाहायला गेल्यावर प्रयोगशाळा आणि पोहण्याचा तलाव सगळे दाखवतात. आपण मुलींना विचारावे की, त्या कोठून येतात, घरी किती वाजता पोहोचतात आणि दुपारच्या सुट्टीत काय करतात. आपल्या कन्येला फुटबॉलचे वेड असल्याचे लिहिले आहे, आणि कोल्हापुरात ते असायचेच; परंतु येथील मुलींच्या शाळांत नेटबॉल आणि हॉकीचा जोर अधिक असतो, म्हणून मुलींचा फुटबॉल संघ खरोखर सामने खेळतो का, हेही विचारावे. मुलाखतीत ती याच विषयावर मनमोकळे बोलेल, पाठ करून घेतलेल्या उत्तरांवर बोलणार नाही.

आणखी एक काम आहे, आणि ते फक्त कोल्हापुरातच होऊ शकते. प्रवेशासाठी सध्याच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा अभिप्राय मागतात. येथील नवीन शाळा सप्टेंबरमध्ये तिला ओळखतही नसेल, तेव्हा तेथील मुख्याध्यापिकांकडून इंग्रजीत एक सविस्तर पत्र घ्यावे, ज्यात गुणांपेक्षा तिचे वागणे, आवडी आणि वर्गातील सहभाग यांविषयी लिहिलेले असेल. सोबत गेल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तके आणि शाळेचा ई-मेल पत्ता घ्यावा, कारण येथील शाळा थेट त्यांच्याशी संपर्क साधू शकतात. मे महिन्याची सुट्टी लागली की शाळेत भेटायला कोणी सापडणार नाही, म्हणून हे एप्रिलमध्येच उरकावे.

आपली,
मंगळवार पेठेची, सध्या लंडनवासी