लीड्सला नवीन आलायस ना? मग आधी स्किप्टन बघ

अरे, पहिल्याच वीकेंडला लंडनला कशाला पळतोस, लीड्सहून ट्रेन पकड आणि पाऊण तासात स्किप्टन या बाजाराच्या गावी उतर. फक्त सोमवार, बुधवार, शुक्रवार किंवा शनिवार बघून जा, कारण बाजार त्याच दिवशी असतो, मी पहिल्यांदा मंगळवारी गेलो आणि नुसता रिकामा रस्ता बघून परत आलो 😅

आपल्या आठवडी बाजारासारखंच आहे बघ, हाय स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना दगडी फरशीवर स्टॉल लागतात, चीज, भाज्या, कपडे, सगळं. बाजाराची सनद राजा जॉनने 1204 मध्ये दिली म्हणे, आणि गावाच्या नावाचा अर्थच मेंढ्यांची वाडी! पूर्वी गुरंमेंढ्या याच रस्त्यावर विकायचे, आता गावाबाहेर लिलावाचं मार्केट आहे, शेतकरी अजून तिथे येतात.

रस्त्याच्या टोकाला किल्ला, तिकीट आहे पण काढच. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धात तीन वर्षं वेढा सोसून 1645 मध्ये शरण गेला, नंतर किल्ल्याची मालकीण लेडी अ‍ॅन क्लिफर्डने डागडुजी केली आणि किल्ल्याच्या आतल्या चौकात 1659 मध्ये यूचं (सदाहरित, सूचिपर्णी) झाड लावलं, ते अजून उभं आहे. (मला किल्ल्यापेक्षा ते झाडच जास्त आवडलं.)

मग मागे कालव्यावर जा, लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा स्किप्टन ते बिंगली हा तुकडा 1773 ला सुरू झाला, कापडगिरण्या त्याच्याच जोरावर वाढल्या, आता तिथे टुरिस्टांच्या बोटी. पार्किंगची मारामारी असते, त्यामुळे गाडी नकोच. आणि कॅश थोडी ठेव खिशात.